हवालदार भेली

पांढुर्ण्यात कुत्र्यासमोर वाकायचं नसतं. वाकलं की कुत्रं पळतं. हे सगळ्याच गावांत थोडंफार खरं असेल, पण आमच्याकडची कुत्री तुम्ही चपलेचा अंगठा नीट करायला वाकलात तरी गल्लीच्या टोकाला जाऊन उभी राहतात आणि तिथून वळून बघतात. जाम नदीच्या अलीकडे पांढुर्णा आणि पलीकडे सावरगाव, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून एकमेकांना गोटे मारायचे, ही आमच्याकडची रीत. माणसं ते वर्षातून एक दिवस करतात. कुत्र्यांच्या वाट्याला बाकीचे दिवस येतात.

भेली आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीमागे सापडली तेव्हा पाच-सहा महिन्यांची होती. रंग गुळाच्या भेलीसारखा, म्हणून ते नाव. मी तेरा वर्षांची होते. बाबा शाळेत मास्तर होते, आई घर आणि दोन गाई बघायची, आणि माझ्याहून सहा वर्षांनी मोठा दादा कॉलेजच्या नावाखाली चौकात उभा राहायचा. कुत्रं पाळायचं नाही असं बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे भेली पाळलेली नव्हती. ती मागच्या अंगणात गोठ्याच्या भिंतीला टेकून राहायची, तिला भाकर मिळायची, आणि बाबा रोज रात्री जेवून उठताना पानात अर्धी भाकर उरवायचे. त्याबद्दल घरात कोणी काही बोलत नसे.

तिला शिकवायचं माझ्या डोक्यात आलं ते सौंसरमुळे. सौंसरला माझं आजोळ. मामाच्या घराला लागून वामनकाका राहायचे. ते पोलिसांच्या श्वानपथकातून रिटायर झाले होते. बायको गेलेली, मुलगी सासरी, त्यामुळे वेळ भरपूर. आजूबाजूच्या संत्र्याच्या बागांमधली राखणीची कुत्री ते हौसेने शिकवायचे आणि त्यांना हुद्दे द्यायचे. पाच करामती आल्या की शिपाई, दहा आल्या की हवालदार, पंधरा आल्या की जमादार. हुद्दा द्यायची पद्धत ठरलेली होती. काका आधी खाकी टोपी घालायचे, मग जुन्या हजेरीवहीत कुत्र्याचं नाव, मालकाचं नाव आणि करामती लिहायचे, कुत्र्याच्या गळ्यात खाकी कापडाची पट्टी बांधायचे आणि टाचा जुळवून त्याला सलाम ठोकायचे. बघणारे हसत. काका हसत नसत. त्यांच्या वहीत शिपाई पुष्कळ होते, हवालदार सात-आठ, आणि जमादार एकच, तोही मेलेला.

आता माझी पुण्याची भाची तिच्या कुत्र्याचे मोबाइलवर व्हिडिओ काढून कुठल्याशा क्लबला पाठवते आणि तिला घरबसल्या रंगीत प्रमाणपत्र येतं. नवशिक्या, मधला, निष्णात, अशा पदव्या असतात. मला तिने यादी दाखवली. मी सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधली, आणि ती यादीत अगदी वर होती. ठीक आहे म्हटलं. पण ते पुढे येईलच.

भेलीला शिकवताना पहिला हिवाळा फक्त वाकण्यात गेला. मी वाकले की ती पळायची. मग मी हातात भाकरीचा तुकडा घेऊन वाकायचे, तिथेच तुकडा ठेवून उठायचे आणि मागे सरायचे. दिवसातून वीस वेळा, पंचवीस वेळा. शिळ्या भाकरीचे तुकडे तव्यावर कडक करून मी फ्रॉकच्या खिशात ठेवायचे. आई चुलीपुढून ओरडायची, "कुंदे, तव्यावर काय जाळून राहिली? माणसाइले भाकरी नाही अन् कुत्रीले पापड!" पण तवा काढून घ्यायची नाही. संक्रांत झाली आणि एक दिवस मी वाकले तेव्हा भेली पळाली नाही. कान मागे घेऊन, डोळे मिटून, जागीच बसून राहिली. त्या दिवशी मी तिला हात लावला. अंग थरथरत होतं, मग थांबलं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. ये. बस. पंजा. लोळ. "मेली" म्हटलं की पाय वर करून पडायचं. काकांनी तिला शिपाई केलं. पुढच्या खेपेला मी तिला दाराची कडी काढायला शिकवलं. आमच्या अंगणातून गल्लीत उघडणाऱ्या मागच्या दाराची कडी सैल होती, भेली मागच्या पायांवर उभी राहून नाकाने ती वर ढकलायची आणि दार उघडायचं. ही करामत बघायला गल्लीतली पोट्टी रांग लावायची. मला फार अभिमान होता.

आणि मग गोटे. काकांकडे एक करामत होती: दहा लाकडी ठोकळे मांडायचे, त्यातल्या एकाला आपल्या हाताचा वास लावायचा आणि कुत्र्याने तोच उचलून आणायचा. काकांनी मला ठोकळे देऊ केले होते. मी घेतले नाहीत. नदीकाठी गोटे फुकट पडलेले होते, आणि खरं सांगायचं तर मला गोटेच हवे होते. पांढुर्ण्याचं कुत्रं गोट्यापासून पळण्याऐवजी गोट्यामागे पळतं, हे मला दाखवायचं होतं. नदीतला गुळगुळीत गोटा घ्यायचा, तळहातात चोळायचा, त्याला किंचित गूळ लावायचा. आधी नुसता ठेवायचा, मग घरंगळत सोडायचा, मग फेकायचा. उन्हाळा लागेपर्यंत भेली हवेतून जाणारा गोटा बघून त्याच्या मागे सुटायची आणि तो आणून माझ्या पायांशी ठेवायची. मग शेपटी हलवत पुन्हा फेकायची वाट बघायची. गुळाची गरज राहिली नव्हती. गोटा हेच तिचं बक्षीस झालं होतं.

त्या करामतीवर ती हवालदार झाली. काकांनी सलाम ठोकला, पण पट्टी बांधताना म्हणाले, "गोट्यावर काहून शिकवलं बाई? मी ठोकळे देत होतो ना."

"गोटे सापडतात काका, कुठंही."

"तेच तर म्हणून राहिलो."

जमादारीसाठी पाच आणखी हव्या होत्या. त्यातल्या चार मी उन्हाळ्यात बसवल्या. पंधरावी ठरलेली होती आणि ती सगळ्यांना सारखीच: रुक. भाचीच्या यादीत मी शोधली ती हीच. काका काहीही फेकोत, काहीही करोत, कुत्र्याने जागचं हलायचं नाही. "करणं कोणीबी शिकवते," काका म्हणायचे, "न करणं शिकवाले जीव जाते." मला रुकचा कंटाळा होता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. कुत्रं बसलेलं आहे आणि बसलेलंच आहे, यावर कोण टाळ्या वाजवणार? श्रावणात सौंसरला गेले तेव्हा वहीत चौदा खुणा झाल्या होत्या. काकांनी विचारलं, "अन् रुक?" मी म्हटलं, "पोळ्यानंतर."

पोळा जवळ आला की आमच्या घरात आवाज कमी व्हायचे. आई कमी बोलायची. बाबा वर्तमानपत्र उलटंपालटं करत बसायचे, वाचायचे नाहीत. नदीकाठी गोट्यांचे ढीग पडू लागायचे आणि पोत्यातून गोटे ओतल्याचा आवाज आमच्या मागच्या अंगणात यायचा. आमची गल्ली थेट नदीकडेच उतरते. लहानपणी मला तो आवाज ढग गडगडल्यासारखा वाटायचा. पुढे कळायला लागलं तेव्हा तो ऐकला की मी दादा घरात आहे का ते बघायचे, कारण दादा जायचा. शेजारच्या काकूंच्या भावाचा डोळा त्यात गेला होता. तो त्यांच्या ओट्यावर बसलेला असायचा आणि मी त्याच्याकडे न बघता घरात शिरायचे.

त्या वर्षी तो गडगडाट ऐकून एक नवीन गोष्ट झाली. भेली गोठ्याजवळून उठली, दाराशी गेली आणि माझ्याकडे बघून शेपटी हलवू लागली. दादा हसला. "पाह्य, पाह्य! हवालदारीण तयार आहे. हिले नेतो यंदा आपल्या बाजूनं."

"तिले हात लावला तर बाबांना सांगीन."

"काय सांगशील? कुत्री पाळलीच नाही ना आपण."

मी हसले नाही. त्या क्षणी मला कळलं की मी काय करून बसले आहे. पोळ्याला तीन दिवस होते. तीन दिवसांत मी रुक शिकवायचा प्रयत्न केला. सकाळ-संध्याकाळ, अंगणात, भेलीच्या छातीवर हात धरून दुसऱ्या हाताने गोटा फेकायचा आणि "रुक, रुक" म्हणायचं. ती माझ्या हाताखालून निसटायची. तिला वाटायचं हा नवीन खेळ आहे.

पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी झाली, गल्लीतले बैल ओवाळले गेले, भेलीला आंघोळ घातली. आंघोळीसाठी मी तिच्या गळ्यातली खाकी पट्टी काढली आणि वाळायला दोरीवर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने दादाचे सगळे शर्ट-पॅन्ट ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. हे ती दर वर्षी करायची. दादा दर वर्षी काहीतरी शोधून काढायचा. त्या वर्षी तो बाबांच्या शाळेच्या शर्टात आणि टॉवेलवर गेला. मी भेलीला गोठ्यात दाव्याने बांधलं, मागच्या दाराची कडी लावली आणि कडीवर चिंधी गुंडाळली.

दुपार झाली तशी आरोळी सुरू झाली. आधी ढोल, मग चंडीमातेचा जयजयकार, मग मध्ये थोडी शांतता, आणि मग तो आवाज. दुरून ऐकला तर पत्र्यावर गारा पडल्यासारखा असतो. जवळून तसा नसतो. आईने कढी-भात वाढला होता. कोणी जेवत नव्हतं. बाबा खिडकी लावून खुर्चीवर बसले होते आणि प्रत्येक मोठ्या आरोळीला त्यांचा गुडघा हलायचा. मी भात चिवडत होते. तेवढ्यात मला जाणवलं की अंगणातून येणारी कुईं-कुईं थांबली आहे.

दावं कुरतडलेलं होतं. चिंधी खाली पडलेली होती. कडी वर होती. सहावी करामत, चौदा खुणांतली माझी सगळ्यात अभिमानाची खूण.

मी पळाले. आईने हाक मारलेली ऐकू आली, पण तोवर मी गल्लीच्या अर्ध्यात होते. खाली उतरताना माणसं वर येत होती, कोणाच्या डोक्याला फडकं, कोणाचा हात दुसऱ्याने धरलेला. "ए पोरी, कुठं जाऊन राहिली? मागं फिर!" मी धोब्याच्या दगडांपाशी पोहोचले. तिथून नदी सरळ दिसते. मधोमध पाण्यात पळसाचं झाड रोवलेलं होतं, त्यावर दोन्ही गावांना पळवायचा असलेला झेंडा, आणि दोन्ही काठांवर माणसंच माणसं. हवेत गोटे इतके होते की एकेक वेगळा दिसत नव्हता.

भेली पाण्यात होती, पोटापर्यंत. तिने गोटा उचलला, आमच्या काठावरच्या एका पोराच्या पायाशी नेऊन ठेवला आणि शेपटी हलवत त्याच्याकडे बघत राहिली. "अबे, कुत्री गोटे आणून देऊन राहिली!" तिकडे हशा पिकला. पोराने तोच गोटा उचलून भिरकावला. भेली त्याच्यामागे सुटली, झाडाच्या दिशेने, जिथे माणसंसुद्धा वाकून जात होती.

मी किंचाळले. तिने मला पाहिलं. खरंच पाहिलं, कारण ती वळली, एक गोटा उचलला आणि माझ्याकडे आली. गोटा माझ्या पायाशी ठेवला. तिच्या मागच्या पायातून रक्त येत होतं आणि डोळे चमकत होते. इतका मोठा खेळ तिने आयुष्यात पाहिला नव्हता. मी तिच्या गळ्याला हात घातला. पट्टी नव्हती. पट्टी दोरीवर वाळत होती. ओली केसाळ मान माझ्या हातातून सुटली, कारण समोर पाण्यात धपकन गोटा पडला होता.

"रुक!" मी ओरडले. "भेली, रुक!" तिला तो शब्द माहीतच नव्हता.

दुसऱ्यांदा ती आली तेव्हा पाठीवर लागलेलं होतं. ती कण्हली, पण गोटा सोडला नाही, तो आणून ठेवलाच. मी खाली बघितलं. पायाशी दोन गोटे होते, तिच्या लाळेने ओले. मला एकच उपाय सुचला. मी वाकले, गोटा उचलला आणि तिच्यावर मारला. तो तिच्या बाजूने गेला. ती आनंदाने त्याच्यामागे पळाली आणि घेऊन परत आली.

हे लिहिताना मी मध्ये उठून चहा करून आले. चहा नको होता.

दुसरा गोटा मी नेम धरून मारला. बरगडीवर लागला. भेली थांबली. तोंडातला गोटा खाली पडला. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि शेपटी अजून हलत होती, हळू. मी पुन्हा वाकले. तेव्हा तिचे कान मागे गेले. तिसरा तोंडावर लागला. मग ती पळाली, नदीकडे नाही, गल्लीने वर, पोट जमिनीला घासत, पांढुर्ण्याच्या कुठल्याही कुत्र्यासारखी.

माझ्या दंडाला कोणीतरी धरून मागे ओढलं. दादा होता. बाबांच्या शर्टाची बाही फाटलेली. त्याने सगळं पाहिलं होतं. तो मला घरी घेऊन आला आणि परत नदीवर गेला नाही. पुढेही कधी गेला नाही. आईला वाटलं चंडीमातेला तिचा नवस पोचला. रात्री ताटावर बाबांनी विचारलं, "कुत्री कशी आली परत?" दादा म्हणाला, "कुंदीनं हाकलली. नेम चांगला आहे तिचा." मी ताटावरून उठले. बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानेही जेवण सोडलं. त्या दिवशी पानात अख्खी भाकर उरली आणि ती खायला अंगणात कोणी आलं नाही. भेली गोठ्यात चाऱ्याच्या कुटाराच्या ढिगामागे होती. तीन दिवस तिथेच होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला सौंसरला नेलं. मामा संत्र्यांचा टेम्पो घेऊन आला होता, बसमध्ये ती आता चढलीच नसती. पायाची आणि तोंडाची जखम भरली होती. जेवत होती, माझ्या मागे-मागेही यायची. काकांना काही माहीत नव्हतं. त्यांनी टोपी घातली, वही उघडली, कडुनिंबाखाली भेलीला बसवलं. "रुक राहिली आहे," म्हणाले, आणि तिच्यासाठी म्हणून अंगणातला एक गोटा मुद्दाम वाकून उचलला आणि जोरात फेकला.

भेली हलली नाही. जमिनीला चिकटून बसली. काकांची नजर गोटा गेला तिकडे होती. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "वा! याले म्हणते रुक. एवढ्या वर्षांत दुसरी जमादार." ते वहीत लिहायला लागले. मला भेलीच्या अंगाखालची माती ओली होत जाताना दिसत होती.

"नका लिहू काका."

"काहून?"

"शिकवलं नाही मी. मारलं."

मी सगळं सांगितलं. काकांनी पेनला टोपण लावलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते भेलीपासून चार हात दूर जमिनीवर बसले, मांडी घालून, पांढऱ्या धोतरासकट मातीत, आणि तळहात उघडा करून गुडघ्यावर ठेवला. कितीतरी वेळ गेला. मामी दोनदा चहा घेऊन आली आणि परत गेली. शेवटी भेली सरपटत आली आणि तळहात हुंगला.

"आता हिच्यासमोर वाकू नको," काका म्हणाले. "काही घ्यायचं असलं तर बस. पूर्ण खाली बस, मग घे. लागतील तितकी वर्षं."

नऊ वर्षं लागली, म्हणजे ती होती तोवर. ती हवालदारच राहिली. खाकी पट्टी तिने पुन्हा घालू दिली, माझ्या हातून भाकर खाल्ली, माझं लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांवर भुंकली. पण घरातलं दुसरं कोणी झाडू घ्यायला वाकलं की उठून गोठ्यात जायची. माझ्यासमोर जायची नाही, कारण मी वाकतच नसे.

आता मी खतं-बियाण्यांचं दुकान चालवते. माझ्याकडे एक कुत्रं आहे, त्याला दोनच गोष्टी येतात, रुक आणि सोड, आणि भाची म्हणते त्यात पदवी मिळत नाही. गेल्या वर्षापासून माझे गुडघे दुखतात. डॉक्टर म्हणतात, ताई, सारखं खाली बसू नका, काही पडलं तर वाकून उचला. मी हो म्हणते. काल गल्ल्यापाशी किल्ली पडली. दारात एक रस्त्यावरचं कुत्रं उभं होतं. मी काउंटरला धरलं आणि हळूहळू खाली बसले.